चॅनेल कुठलं, वेळापत्रक कुठलं?

टीव्हीवर चित्र दिसतं, रिमोटवर नंबर दाबला जातो आणि पडद्याच्या तळाशी कार्यक्रमाचं नाव उमटतं. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून येत असतील असं वाटतं ना? तसं नसतं. चित्र एका वाटेनं येतं, नंबर कुणी दुसराच ठरवतो आणि नाव-वेळ तिसऱ्याच यादीतून उचललेली असते. या तिघांची गाठ नीट बसली तरच सातच्या बातम्या सातला सापडतात. एकाच छपरावर दोन-तीन शहरांची प्रक्षेपणं येऊन पडली की ही गाठ बसवणं हे मोठं कसबाचं काम होतं.

ते समजून घ्यायला चंद्रपूरचं ऊर्जानगर ही फार चांगली जागा आहे. औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत सरळ रेषेत मोजली तर मुंबईपासून जवळपास ६८० किलोमीटर, नागपूरपासून १३० आणि तेलंगणातल्या आदिलाबादपासून जेमतेम ९० किलोमीटर. राज्याची राजधानी एवढी दूर आणि शेजारचं राज्य एवढं जवळ! अशा ठिकाणी ‘आपलं चॅनेल कुठलं’ हा प्रश्न आपोआप पडतो.

वीज पश्चिमेला, चित्र पूर्वेला

चंद्रपूर केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला इन्सॅट-१बी हा उपग्रह ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानातून सोडला गेला, आणि रात्रीच्या अंधारात झालेलं स्पेस शटलचं ते पहिलं उड्डाण होतं. म्हणजे ऊर्जानगरच्या चिमणीतून धूर निघू लागला, त्याच वर्षी देशभर टीव्ही पोचवणारा उपग्रहही आकाशात बसला.

पुढे या केंद्राची क्षमता वाढत गेली. जुने दोन संच निवृत्त झाल्यावरही आज ती २,९२० मेगावॉट आहे. इथून थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी जाते, १९९९ पासून. तिची क्षमता १,५०० मेगावॉट. मुंबईचे स्टुडिओ उजळवणाऱ्या जाळ्यात चंद्रपूरचा कोळसा असा थेट जोडलेला आहे. वीज गेली पश्चिमेला, चित्र यायचं पूर्वेला. वीज मात्र तारेला बांधलेली असते, चित्राला तसली तार नव्हती. म्हणून ते पोचायला वेळ लागला.

क्षितिजाचं सोपं गणित

जुन्या टीव्हीच्या लहरी साधारण सरळ जातात, पृथ्वी मात्र गोल आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या आणि तिचं वर्गमूळ काढा. घरावरच्या अँटेनाच्या उंचीचंही काढा. दोन्हींची बेरीज करून ४.१२ ने गुणा. उत्तर येईल ते किलोमीटर.

मुंबईत वरळीचा दूरदर्शन मनोरा ३०० मीटरचा. छपरावर १० मीटर उंचीचा अँटेना धरला तर उत्तर येतं सुमारे ८४ किलोमीटर. मनोरा १५० मीटरचा असेल तर साडेत्रेसष्ट. ऊर्जानगर नागपूरपासून १३० किलोमीटरवर, म्हणजे नागपूर शहराचं प्रक्षेपण इथे नेमानं दिसावं ही अपेक्षाच भूगोलाला मान्य नाही. हवेत गार थराच्या वर गरम थर बसला की लहरी त्या थराखालून वाकत दूरवर जातात आणि एखाद्या पहाटे परकं केंद्र अचानक दिसतं. ऊन वर आलं की ते गेलं. अशा पाहुण्या केंद्राचं वेळापत्रक कुठल्या पेपरात शोधणार?

सिरोंच्याला हैदराबाद जवळ

आता नकाशावर आणखी खाली या. गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक म्हणजे प्राणहितेकाठचं सिरोंचा. तिथून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे २२५ किलोमीटर, नागपूर सुमारे २७० आणि मुंबई साडेसातशेच्या घरात. आपल्याच उपराजधानीपेक्षा शेजारच्या राज्याची राजधानी जवळ! नदी ओलांडली की तेलंगणा, आणि गावात तेलुगू घरोघरी बोलली जाते. हैदराबादचा कार्यक्रम तिथल्या माणसाला परका नाही, पण महाराष्ट्रातल्या पेपरात त्याची वेळ छापून येत नाही.

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. दूरदर्शनचा रंगीत राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला. जिल्हा आणि रंगीत टीव्ही यांच्यात फक्त ११ दिवसांचं अंतर. रंग तिथल्या सगळ्या गावांपर्यंत पोचायला मात्र पुष्कळ वर्षं गेली.

शंभर वॉटचा मनोरा

१९८४ मध्ये काही महिने देशात जवळपास रोज एक नवा टीव्ही प्रक्षेपक उभा राहत होता. त्यातले बहुतेक लहान, अवघ्या १०० वॉटचे. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी शक्ती आणि त्यावर अख्खं जिल्ह्याचं गाव टीव्ही बघायचं. टप्पा पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास. तालुक्याची गावं बाहेरच राहायची आणि तिथे बांबूवर बांबू बांधून अँटेना वर चढवला जायचा.

हे छोटे प्रक्षेपक स्वतः काही बनवत नसत. उपग्रहावरून येईल ते झेलायचं आणि गावात सोडायचं. सुरुवातीला वरून यायचा तो दिल्लीचा कार्यक्रम. त्यामुळे विचित्र अवस्था व्हायची. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू, ‘आमची माती आमची माणसं’सारखा शेतकऱ्यांचा कार्यक्रम तिथला, वर्तमानपत्रात त्याचं नाव वाचायला मिळणार, पण जिथे भाताची शेती आहे त्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पडद्यावर हिंदी. पुण्याला १९७३ मध्येच सिंहगडावरून मुंबईचं प्रक्षेपण मिळू लागलं होतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्यानं मराठी कार्यक्रमासाठी जी वाट पाहिली, तिची आठवण आजही ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

एका चित्राला दोन आवाज

त्याआधीचा एक प्रयोग तर कमालीचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह भारताच्या वाट्याला आला होता. ‘साइट’ या नावाचा हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांसाठी होता. कार्यक्रम चार भाषांत: हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उडिया. महाराष्ट्र त्यात नव्हता. चंद्रपूरच्या पूर्वेला रायपूरचा भाग होता, तेव्हाच्या मध्य प्रदेशातला, आणि दक्षिणेला आंध्रातली गावं होती. मधलं आपलं जंगल तेवढं सुटलं.

त्या उपग्रहावर चित्राची वाट एकच होती, आवाजाच्या मात्र दोन. म्हणजे एकाच चित्राबरोबर दोन भाषा पाठवता यायच्या. एकाच वेळी, एकाच चॅनेलवर, दोन प्रदेशांसाठी दोन वेगळे आवाज! तेव्हा वेळापत्रकात एक नोंद करायची की दोन? पन्नास वर्षांपूर्वीचा हा पेच आज डिजिटल चॅनेलच्या ‘भाषा’ बटणात जसाच्या तसा बसलेला आहे.

पेपरातला चौकोन

पूर्वी रोजच्या पेपरात टीव्ही कार्यक्रमांचा चौकोन असायचा. तो वाचणं हे शिक्षणच होतं. दूरदर्शनची रचना तीन पायऱ्यांची: राष्ट्रीय, प्रादेशिक आणि स्थानिक. एकाच संध्याकाळी, एकाच चॅनेलवर, आधी शेतीचा कार्यक्रम एका केंद्राचा, मग मराठी बातम्या दुसऱ्या केंद्राच्या आणि ८:४० ला हिंदी बातम्या दिल्लीच्या. चॅनेल एक, धनी तीन. कार्यक्रम कुणाचा हे घड्याळावर ठरायचं.

म्हणून ‘एका चॅनेलला एक वेळापत्रक’ ही समजूत मुळातच अपुरी आहे. चॅनेल, जागा आणि वेळ, तिन्ही सांगितल्याशिवाय कार्यक्रम ठरत नाही.

अमेरिकेत हे ओळखून ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकाचा पहिला राष्ट्रीय अंक ३ एप्रिल १९५३ ला निघाला तो एकदम १० शहरांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत. मुखपृष्ठ आणि लेख सगळीकडे तेच, कार्यक्रमांची पानं गावागणिक निराळी. पुढे या आवृत्त्या शंभरावर गेल्या. २००५ मध्ये ती स्थानिक पानं बंद झाली, कारण तोवर वेळापत्रक पडद्यावरच येऊ लागलं होतं. आपल्याकडे नागपूरहून सुटणारा पेपर गोंदियाला वाचा नाहीतर सिरोंच्याला, चौकोन एकच. एखादा कार्यक्रम छापलेल्या वेळी दिसला नाही की लोक टीव्हीला दोष द्यायचे. बिचारा टीव्ही बरोबरच असायचा, यादी दुसऱ्या गावाची असायची.

पोस्टाचं टीव्हीशी नातं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्ही बाळगायला परवाना लागायचा आणि तो मिळायचा पोस्टात. पण पोस्टाचं नातं तिथेच संपत नाही.

पिन कोड भारतात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे मुंबई दूरदर्शनच्या ४८ दिवस आधी. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी संस्कृतचे नामवंत कवी आणि नाटककारही होते. त्यांच्या रचनेत ४४ ने सुरू होणारे कोड विदर्भाचे. ४४० नागपूर, चंद्रपूर शहर ४४२४०१.

अमेरिकेत संगणकावरच्या कोणत्याही टीव्ही-मार्गदर्शकाचा पहिला प्रश्न असतो, तुमचा पोस्टाचा कोड काय? त्यावरून तो तुमचा बाजार ठरवतो. तिथे नील्सन कंपनीनं देशाचे २१० टीव्ही-बाजार पाडलेत. कोड टाकला की तुमच्या अँटेनाला दिसू शकणाऱ्या केंद्रांची यादी पुढ्यात. दोन शहरांच्या मध्ये राहणाऱ्याची मात्र पंचाईत, कारण त्याला दोन्हीकडची केंद्रं दिसतात आणि यादी एकाच बाजाराची मिळते. मग दोन बाजारांच्या याद्या घ्यायच्या आणि ओळीनं जुळवायच्या.

हौशी लोकांनी या कामासाठी संस्थाच उभी केली. घरच्या संगणकावर टीव्ही ध्वनिचित्रमुद्रित करणाऱ्यांना फुकट वेळापत्रक देणारी ‘झॅप-टू-इट लॅब्ज’ ही सेवा २००७ मध्ये बंद पडली. वापरकर्ते हातावर हात धरून बसले नाहीत. त्यांनी ‘शेड्यूल्स डायरेक्ट’ ही ना-नफा संस्था काढली, वर्गणी गोळा केली आणि वेळापत्रक विकत घेऊन सभासदांना द्यायला सुरुवात केली. सभासदांच्या बळावर टिकलेलं टीव्हीचं पंचांग! फार सुंदर उदाहरण आहे हे.

तळ्यापलीकडचा टीव्ही

कॅनडात टोरांटोला राहणाऱ्या मराठी कुटुंबानं खिडकीत अँटेना लावला तर आँटॅरिओ सरोवरापलीकडून अमेरिकेतल्या बफेलो शहराची केंद्रं दिसतात. पाण्यावरून लहरी छान येतात. एकच अमेरिकी मालिका एकाच वेळी कॅनडाच्या चॅनेलवर आणि अमेरिकेच्या चॅनेलवर चालू. केबलवर बघितलं तर कॅनडातल्या नियमानुसार अमेरिकी चॅनेलच्या जागी कॅनडाचं प्रक्षेपण चढवलं जातं, जाहिराती कॅनडाच्या. अँटेनावर मात्र मूळ बफेलोच्या जाहिराती. वेळापत्रक दोन्हीकडे तेच दाखवतं, जाहिराती बघून कळतं की आपण कुठल्या देशात बसलोय.

ब्रिटनमध्ये वेगळी युक्ती. अँटेनाला दोन विभागांची प्रक्षेपणं मिळाली तर आपल्या विभागाला मूळ नंबर मिळतो आणि शेजारच्या विभागाची तीच चॅनेलं आठशेच्या पुढे जाऊन बसतात. साधं, नेटकं, कुणालाही समजेल असं.

आपल्याच देशात अमृतसरचं केंद्र १९७३ मध्ये उभं राहिलं, कारण तिथल्या छपरांवरचे अँटेना लाहोरकडे वळलेले होते. लाहोरचं केंद्र १९६४ पासून चालू होतं. दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर १९८२ नंतर श्रीलंकेची ‘रूपवाहिनी’ दिसायची. लोक चित्र बघायला सरहद्द विचारत नाहीत. अँटेना वळतो तिकडे वळतो.

सावलीवरून अंतर मोजा

ऊर्जानगरसारख्या ठिकाणी, जिथे उंच चिमण्या आणि कूलिंग टॉवर आहेत, तिथे जुन्या टीव्हीत आणखी एक चमत्कार शक्य असायचा. लहर सरळ येते आणि तीच लहर उंच बांधकामावर आपटून जरा उशिरा येते. पडद्यावर मूळ चित्राच्या उजवीकडे फिकट दुसरं चित्र. ‘डबल दिसतंय’ म्हणायचे ते हेच.

त्या सावलीवरून अंतर काढता येतं! पडद्यावरची एक आडवी रेघ ५२ मायक्रोसेकंदांत रंगते. वीस इंची टीव्हीची रुंदी चाळीस सेंटिमीटर. म्हणजे सावली पाऊण सेंटिमीटर सरकलेली असेल तर दुसरी लहर एक मायक्रोसेकंद उशिरा आली, अर्थात ३०० मीटर जास्त चालून आली. फूटपट्टी घेऊन टीव्हीसमोर बसलं की कूलिंग टॉवरचा वळसा मोजता यायचा. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगला प्रयोग सुचवणं अवघड आहे.

उच्च दाबाच्या तारांची खरखर हीसुद्धा इथलीच. तारेभोवतीच्या हवेत होणाऱ्या विद्युत-विसर्जनाचा त्रास खालच्या वारंवारतेला जास्त होतो, वरच्या पट्ट्यांना कमी. त्यामुळे एकाच घरात एक चॅनेल ठिपक्याठिपक्यांचं आणि दुसरं स्वच्छ असं होऊ शकतं.

एक चॅनेल, हजार पत्ते

डिजिटल युगात नंबर आणि लहर यांचा संबंध पार तुटला. शिकागोचं डब्ल्यूबीबीएम केंद्र पडद्यावर ‘२’ म्हणून येतं, त्याची लहर खरं तर १२ व्या वाटेनं चालते. लोकांना जुना नंबर पाठ आहे, म्हणून तोच दाखवायचा.

मग यंत्र चॅनेल ओळखतं कशावरून? आपल्याकडे चालणाऱ्या डीव्हीबी पद्धतीत प्रत्येक चॅनेलला तीन क्रमांक असतात: मूळ नेटवर्कचा, त्याच्या प्रवाहाचा आणि त्या सेवेचा. एका गावात तीन रामटेके असले की पोस्टमन वडिलांचं नाव बघतो, मग मोहल्ला बघतो, तसंच हे. तिन्ही क्रमांक मिळून २८१ लाख कोटींहून जास्त वेगवेगळे पत्ते तयार होतात. चॅनेलांना पत्ते कमी पडायची भीती नाही.

गोंधळ उलट बाजूनं होतो. १९९४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मराठी वाहिनी आधी डीडी-१० होती, २००० पासून ती सह्याद्री. ती दूरदर्शनच्या फ्री डिश या उपग्रह सेवेवर आहे, खासगी छत्र्यांवर आहे, केबलवरही आहे. प्रत्येक ठिकाणी नंबर वेगळा, पत्ता वेगळा, कार्यक्रम तोच. याद्यांमध्ये नाव कुठे ‘डीडी सह्याद्री’, कुठे ‘दूरदर्शन सह्याद्री’, कुठे नुसतं ‘सह्याद्री’ आणि रोमन लिपीत स्पेलिंगांचे आणखी प्रकार. माणसाला एका नजरेत कळतं की हे सगळं एकच, यंत्राला ते शिकवावं लागतं. नावं जुळेनात तेव्हा एक हुकमी उपाय म्हणजे कार्यक्रम जुळवून बघणं. दोन याद्यांत दिवसभराच्या वेळा आणि नावं सारखी निघाली तर चॅनेल एकच, मग वर पाटी कुठलीही असो.

डीडी फ्री डिश १६ डिसेंबर २००४ ला ३३ चॅनेलांवर सुरू झाली, तेव्हा नाव होतं डीडी डायरेक्ट प्लस. महिन्याचं भाडं नाही, म्हणून खेड्यापाड्यांत ती झपाट्यानं पसरली. तिच्यावरच्या खासगी चॅनेलांच्या जागा लिलावानं जातात आणि नवी वाटणी साधारण १ एप्रिलपासून लागू होते. म्हणजे आर्थिक वर्ष बदललं की टीव्हीसुद्धा नव्यानं ट्यून करायचा! डबे खुल्या बाजारातले, वेगवेगळ्या कंपन्यांचे. पुष्कळसे डबे चॅनेलं ज्या क्रमानं सापडतील त्याच क्रमानं नंबर देतात. शेजारच्या दोन घरांत एकच चॅनेल ३४ वर आणि ५१ वर असणं यामुळेच शक्य होतं. फोनवर ‘चौतीसवर लाव’ सांगून भागत नाही, नाव सांगावं लागतं.

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. ऊर्जानगरच्या छपरावरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साडेएकसष्ट अंश वर दिसतो. मुंबईहून साडेसत्तावन्न अंश. उपग्रहाच्या बाबतीत तरी चंद्रपूर मुंबईपेक्षा जवळ आहे. आणि उपग्रहाच्या छायेत सगळा देश एकच बाजार, सिरोंच्याला दिसतं तेच सांताक्रूझला. शंभर वॉटच्या मनोऱ्याबाहेर राहिलेल्या तालुक्यांना खरा न्याय या छत्रीनं दिला.

मनोरे आता बहुतेक शांत आहेत. २०२१-२२ मध्ये प्रसार भारतीनं सीमाभागांतली मोजकी पन्नासेक केंद्रं सोडून जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. डिजिटल मनोरे २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झाले, त्यात महाराष्ट्राची दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. विदर्भातलं एकही नाही.

साडेपाच तासांची चूक

पडद्यावरच्या वेळापत्रकात प्रत्येक कार्यक्रमाची वेळ ग्रिनिचच्या घड्याळानं भरलेली असते. डबा त्यात आपल्या देशाचे साडेपाच तास मिळवतो. मिळवायचे विसरला तर सातच्या मराठी बातम्या दुपारी दीडला दिसतात. वेळापत्रक पूर्ण बरोबर आणि तरी पूर्ण चुकीचं! संगणकावरच्या ‘एक्सएमएलटीव्ही’ याद्यांत म्हणूनच प्रत्येक वेळेच्या शेपटाला ‘+०५३०’ लिहिलेलं असतं. याद्या जुळवताना ते शेपूट आहे का, हे आधी बघावं.

तारीख तर आणखी मजेशीर. ती १७ नोव्हेंबर १८५८ पासून किती दिवस झाले, अशी मोजली जाते. खगोलशास्त्रज्ञांची ही मोजणी टीव्हीनं उचलली, पण तिला जागा दिली फक्त १६ बिटांची. ती जागा २२ एप्रिल २०३८ ला भरेल. त्याच्या पुढची तारीख जुन्या डब्यांना लिहिताच येणार नाही.

अक्षरांचंही असंच. डीव्हीबी पद्धतीत मजकूर युरोपी अक्षरांतला आहे असं डबा गृहीत धरतो. देवनागरी यायची असेल तर मजकुराच्या सुरुवातीला एक खुणेचा बाइट लावावा लागतो. तो राहिला की ‘बातम्या’च्या जागी चित्रविचित्र खुणांची रांग. एका बाइटावर मराठी वाचता येणं अवलंबून!

कान असलेलं यंत्र

कुणी काय बघितलं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं २०१५ पासून नंबरांचा सगळा गुंता बाजूला ठेवला. चॅनेल आपल्या आवाजातच एक गुप्त खूण मिसळतं. माणसाच्या कानाला ती ऐकू येत नाही, घरात बसवलेल्या मीटरला येते. तुम्ही ३४ वर बघा, ५१ वर बघा, केबलवर बघा, आवाजच चॅनेलचं नाव सांगतो. हाच विचार मला सगळ्यांत आवडतो. पत्ता चॅनेलला बाहेरून चिकटवायचा नाही, त्याच्या अंगातच घालायचा.

बार्कच्या हिशेबात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक बाजार, आंध्र आणि तेलंगणा मिळून दुसरा. आता चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातली मुकदमगुडा, परमडोली अशी १४ गावं बघा. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी त्यांच्यावर हक्क सांगितला, लोकांकडे दोन्हीकडच्या शिधापत्रिका, मतदान दोन्हीकडे. तिथल्या घरात मराठी आणि तेलुगू दोन्ही चॅनेलं रोजची. या घराला एका बाजारात बसवायचं म्हणजे अर्ध्या घराचं वेळापत्रक पुसायचं.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१७ च्या नियमानुसार पडद्यावरच्या यादीत चॅनेलं प्रकार आणि भाषा यांनुसार एकत्र लावायची आणि एक चॅनेल एकाच प्रकारात दाखवायचं. नियम चांगला आहे, शोधाशोध वाचते. पण जिवतीत किंवा सिरोंच्यात मराठी बातम्या एका टोकाला आणि तेलुगू बातम्या दुसऱ्या टोकाला जातात. तिथल्या प्रेक्षकाला दोन्ही शेजारी हवी असतात. ‘आवडती चॅनेलं’ हे रिमोटवरचं बटण त्यासाठीच आहे. आपल्या घराच्या बाजाराची यादी आपणच तयार करायची आणि तीच कामाची.

डीव्हीबीच्या वेळापत्रकात प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीपुढे भाषेची तीन अक्षरी खूण असते. मराठीची एम-ए-आर, तेलुगूची टी-ई-एल, बंगालीची बी-ई-एन. चामोर्शीच्या बाजूला वसलेल्या बंगाली कुटुंबांना ती उपयोगाची. गोंडीचीही खूण त्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, जी-ओ-एन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जी भाषा इतक्या घरांत बोलली जाते, तिच्यासाठी जगातल्या प्रत्येक डिजिटल टीव्हीत जागा राखलेली आहे. त्या खुणेखाली रोजचा एक कार्यक्रम नोंदवायला नवं यंत्र लागत नाही, नवा उपग्रहही लागत नाही. लागतो तो कार्यक्रम.